बिनपाण्याचा व्हाळ

बागेची कामं करणाऱ्याकडे उरलेले गोटे आणि किस्से, दोन्ही साठत जातात. गोटे मी परसात टाकतो. किस्से सांगतो, पण हल्ली सांगताना मजा येत नाही. कारण प्रत्येकात बाबा आहेत, आणि बाबा आता माझ्याबरोबर कामाला येत नाहीत.

आमची टीम तिघांची. मी, बेळगावकडचा परशराम मेस्त्री आणि हळर्णच्या कुळागराला, म्हणजे माडा-पोफळीच्या बागेला, जन्मभर पाटाचं पाणी दिलेले माझे बाबा. लोकांच्या बागेत गोटे रचून कोरडा व्हाळ, म्हणजे बिनपाण्याचा ओढा, करून द्यायचा. पहिली ऑर्डर आली तेव्हा बाबा जेवता जेवता थांबले.

"पाणी नाय आणि व्हाळ? मगे गोव्यात पावस पडता तो खंय जातलो?"

"बाबा, ह्याला डिझाइन म्हणतात!" मी म्हटलं.

* * *

परशराम मूळचा भिंतीचा माणूस. पहिल्याच दिवशी त्यानं दोरी ताणली आणि गोटे उंचीप्रमाणे सरळ रांगेत बसवले. व्हाळ कसला, शाळेची प्रार्थना!

बाबांनी चप्पल काढली, पायानं चार गोटे इकडेतिकडे सारले. खरंच ओढा दिसायला लागला. तेव्हापासून परशराम त्यांना 'गुरुजी' म्हणायचा. मला नुसतं 'ओ शेठ'!

* * *

काम संपलं की बाबा बाल्दीभर पाणी ओतायचे आणि त्याच्या मागोमाग चालत जायचे. डिचोलीच्या एका वहिनींना वाटलं, हा विधीच असणार. त्या आतून हळदकुंकू आणि नारळ घेऊन आल्या!

बाबांना त्यांचा हिरमोड करवेना. त्यांनी सरळ गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या पाण्याक घरात जावची बुद्धी होव नये!"

"होय म्हाराजा!" परशराम मागून ओरडला.

* * *

मग मांद्रेचं काम आलं. पुण्याहून रिटायर होऊन आलेल्या साहेबांना बाल्कनीतून दिसेल असं वळण हवं होतं. बाबा म्हणाले, "झिला, ह्या वळणान पाणी पायरेर येतला." एकदा म्हणाले, दोनदा म्हणाले. तिसऱ्यांदा मी साहेबांच्या देखत ओरडलो, "बाबा, तुमका ह्यातला काय कळता?"

बाबांनी नळावर हातपाय धुतले आणि पिकअपमध्ये जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. मी बोलवायला हवं होतं. घरात समोरासमोर जेवायचो, तरी माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. त्याची लाज मला अजून वाटते.

* * *

आषाढात चार दिवस धो धो कोसळला. माझी साहेबांना फोन करायची छाती होईना. पाचव्या दिवशी फावडं घेऊन मांद्रेला गेलो. साहेब गेटवर हसत उभे!

पायऱ्या कोरड्या होत्या. बाल्कनीखालचं वळण गायब. अख्खा व्हाळ उचलून माडांच्या बाजूला नेलेला, आणि त्यातून पाणी खळखळत रस्त्याकडच्या गटाराला चाललं होतं.

"परवा तुमचे बाबा आले होते, त्या परशरामला घेऊन," साहेब म्हणाले. "दिवसभर भिजत काम करत होते. मी म्हटलं, मुलाचं चुकलंच म्हणायचं. तर म्हणतात कसे, 'छे छे! तेचा काम बरोबर आसा. मी एक धोंडो तेवढो सरकयलो!'"