खडा शोधताना सापडलेला डाग

बुढापारा मोहल्ल्यातल्या सोनोग्राफी-सीटीच्या सेंटरमध्ये काउंटरवर बसून मला अठरा वर्षं झाली. लोक रिपोर्ट घरी नेतात, किस्से माझ्याकडे सोडून जातात! त्यातही प्रॉस्टेटचे जास्त. माणूस येतो किडनीतला खडा शोधायला आणि रिपोर्टात शेवटी एक ओळ निघते, 'प्रॉस्टेटमध्येही काही दिसते आहे, तपासून घ्यावे.' झालं! चेहराच उतरतो.

*

गोल बाजारातले एक कापडवाले शेठ तर भांडायलाच आले. "मैडम, फोटो किडनी का था, ये बीच में किसने घुसा दिया?"

आमचे डॉक्टर म्हणाले, "भैया, कुएँ में बाल्टी ढूँढने झाँके, मेंढक भी दिख गया. अब बताएँ नहीं क्या?"

मग त्यांनी समजावलं, की या वयात बहुतेकदा ते साधं वाढणंच असतं, पण एकदा बघितलेलं बरं. शेठ निमूटपणे तपासणीसाठी रक्त देऊन गेले.

*

पस्तिशीतला एक पोट्टा वडिलांचा रिपोर्ट न्यायला आला, तो खिशात व्हाइटनर घेऊन! "दीदी, बस वो आख़िरी लाइन मिटा दो. बाबा को पता चला तो बीपी बढ़ जाएगा."

तेवढ्यात दारातून बाबाच आत आले. "मले तं कालच मोबाइलवर आला रिपोर्ट. तुले टेन्शन नको म्हणून चूप होतो."

*

ब्राह्मणपाऱ्यातल्या एका काकूंनी नवऱ्याचा रिपोर्ट समजून घेतला आणि डॉक्टरांना म्हणाल्या, "आलोच आहोत तर माझंही प्रॉस्टेट पाहून टाका, लगे हाथ!"

"काकू, बायकांना ते नसतंच."

"बरं झालं बाई! एक तरी दुखणं आमच्या वाट्याले नाही आलं!"

सकाळपासून गप्प बसलेले काका खो खो हसले.

*

आणि आमचे वासनिक काका, रेल्वेतले रिटायर्ड गार्ड. त्यांच्या सीटीत प्रॉस्टेटवर डाग दिसला. रक्ताच्या तपासणीसाठी मी दर सोमवारी फोन करायची. "हव, येतो," म्हणायचे आणि यायचे नाहीत. त्यांचे वडील कॅन्सरनंच गेले होते. मला राग यायचा आणि जीवही तुटायचा.

एका सकाळी आले ते त्यांच्यासोबत रोज तलावाभोवती फिरणारी अख्खी मंडळी घेऊन, पाच जण! एकट्याची हिंमत होईना, म्हणून सगळ्यांनाच रक्त द्यायला गळ घातली होती. त्यांत देशकर गुरुजी, काकांचे रोजचे जोडीदार.

"गुरुजी, तुम्हाला काही त्रास?" मी विचारलं.

"छे! मी फक्त सोबत आलो. याचा हात पकडाले."

रक्त मात्र त्यांनीही दिलं. रिपोर्ट आले. काकांचा ठीक होता, नुसतं लक्ष ठेवायचं होतं. गुरुजींचा ठीक नव्हता. डॉक्टर म्हणाले, "अजून नक्की काही नाही, पण वेळेवर कळलं."

एमआरआयला दोघंच आले. या वेळी काकांनी गुरुजींचा हात धरला होता. गुरुजी कपडे बदलायला आत गेले आणि मी काकांपुढे फॉर्म सरकवला. 'पेशंटशी नातं' या रकान्यावर ते बराच वेळ पेन धरून बसले.

मग लिहिलं, 'फक्त सोबत.'