तुच्छकाकांचं मागचं फाटक

तुच्छकाकांना सोसायटीतली एकही गोष्ट पसंत नव्हती. नोटीसबोर्ड वाचून एकच शब्द टाकायचे, "तुच्छ." गणपतीची आरास तुच्छ, कारंजं तुच्छ, सेक्रेटरी तर विचारूच नका. पोरांनी हे नाव पाडलं, तेव्हा काका त्या नावालाही तुच्छच म्हणाले.

मी मुलुंडच्या त्या सोसायटीचा वॉचमन. सातवीत शाळा सुटली, किनवटहून इकडे आलो. नोकरी जाईल ही धास्ती जेवतानाही असायची. काका छापखान्यात मुद्रितं तपासून निवृत्त झालेले. मुलीने पाठवलेल्या टॅबवर त्यांना एक दिवस खजिना सापडला. कुठकुठल्या देशांतल्या अराजकवादी बंडखोरांची जुनी पत्रकं, मासिकं, तुरुंगातली पत्रं, कोणीतरी पानन् पान इंटरनेटवर चढवून ठेवलेली. दुपारी माझ्या केबिनमध्ये बसून इंग्रजीत वाचत, मला मराठीत सांगत.

"जन्मभर लग्नपत्रिका तपासल्या रे, आणि हे सगळं जगात होतं. बघ, कुलूप नाही, पास नाही, सेक्रेटरी नाही."

"काका, अराजकवाले म्हणजे दंगेखोर ना? पोलीस येतील."

"तुझी टोपी बघून परत जातील. अरे, कोणी कोणावर हुकूम चालवू नये, एवढंच म्हणतात ते. दंगा कमिटीच्या मीटिंगमध्ये असतो."

मग त्या बंडखोरांवरही घसरत. "हा बघ. जगाला मुक्त करतोय, आणि तुरुंगातून बायकोला लिहितो, मोजे धुऊन पाठव. तुच्छ."

मेंबर गेटातून आला की वॉचमनने उठून सलाम ठोकायचा, असा आमच्याकडे नियम. काका म्हणाले, "माझ्यासाठी उठलास तर बघ." मी बसून राहिलो. सेक्रेटरीने गॅलरीतून पाहिलं. "परत बसलेला दिसलास तर गावाला जायचं," म्हणाला. मी काकांना सांगितलं.

"अजिबात उठायचं नाही. ठाम राहा."

माझ्या तोंडातून निघून गेलं, "काका, हा पण हुकूमच झाला ना?"

दुसऱ्या दिवसापासून काका कचऱ्याच्या गाडीसाठी असलेल्या मागच्या फाटकाने ये-जा करू लागले. हातात भाजीची पिशवी, दुखरा गुडघा, केवढा तरी वळसा. दुपारी इमारतीच्या आतल्या बाजूने केबिनमध्ये येत आणि म्हणत, "गेटातून आलेलो नाही. नियम लागू नाही."

गेल्या वर्षी मुलगी त्यांना कायमचं बंगळुरूला घेऊन गेली. गाडी पुढच्या गेटानेच निघणार होती. काकांना बरं वाटावं म्हणून मी बसून राहायचं ठरवलं होतं. गाडी जवळ आली आणि मी उठलो, टोपी काढून हातात घेतली.

काच खाली झाली. आता तो शब्द येणार, असं वाटलं.

"कोणी सांगितलं उठायला?"

"कोणी नाही."

"मग ठीक आहे," म्हणाले, आणि काच वर केली.