हवाई दलाच्या साहेबांसमोर आई मराठीत बोलली

महाराष्ट्रातल्या मंडळींनो, मी तमिळनाडूतल्या तंजावुरचा, पिढ्यानपिढ्या घरात मराठी बोलणारा.

काल संध्याकाळी कालव्याकाठी मी आकाशातल्या एका दिव्याचा व्हिडिओ काढला. भाताच्या शेतावर तो आवाज न करता थांबला होता, मग सरळ वर निघून गेला. मूर्खासारखा मी तो व्हिडिओ इथे टाकला. आज दुपारी हवाई दलाचे दोघे चौकशीला दारात!

एक साहेब तमिळमध्ये विचारत होते, दुसरे मुकाट्याने लिहून घेत होते.

"काय करता?"

"कॉलेज सोडलं."

"व्हिडिओत एक मुलगी ओरडते. ती कोण?"

"मी काय चोर आहे?" मी भडकलो. ती सुमती. माझा जीव आहे तिच्यावर, हे फक्त आईला ठाऊक. तिच्या अप्पांना कळलं तर तिचं कॉलेज उद्याच बंद.

तंजावुरात परक्यांसमोर गुपित बोलायचं तर आम्ही मराठीत बोलतो. कॉफी ठेवता ठेवता आईने तेच केलं. "सुमतीचं नाव काढू नको रे. वाटेवरची कोणी होती म्हण."

लिहिणाऱ्या साहेबांचं पेन थांबलं.

"काकू, मी साताऱ्याचा," ते तुमच्यासारख्या मराठीत म्हणाले. "सुमती कुठे राहते?"

आई भिंतीला टेकली. मी घाबरून पत्ता सांगून टाकला.

उद्या सकाळी ते तिच्या घरी जाणार आहेत. फोनवर ती नुसती रडतेय. त्यांच्याआधी मीच जाऊन अप्पांसमोर उभा राहू का? खरं सांगा, तुम्ही गेला असता?