आमच्या दुकानाची पायरी

मेनरोडवर आमचं भांड्यांचं दुकान आहे. त्याला एकच दगडी पायरी, आणि तिच्यावरून अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, फुलवाल्या मावशींशी रोजचं भांडण. मावशी मखमलाबादकडच्या आपल्या मळ्यातली शेवंती घेऊन पायरीलगत रस्त्यावर बसायच्या. ऊन सरकलं की टोपली हळूच पायरीवर चढायची.

"पायरी माझी आहे," अण्णा गल्ल्यावरून ओरडायचे. "गिऱ्हाइकानं काय उडी मारून यायचं?"

"तुमचीच हाय, अण्णा. मी काय घरी नेते व्हय?" म्हणत मावशी टोपली वीतभर खाली घ्यायच्या.

रस्त्यावरचे विक्रेते हटवा म्हणणाऱ्या दुकानदारांत अण्णांचाच आवाज मोठा. महापालिकेकडे तक्रारीही त्यांच्याच. पण सकाळी शटर उचललं की पहिला हार घेऊन मावशींची भवानी तेच करणार. दुसऱ्या कुणी आधी फूल घेतलं, तर यांचं तोंड दुपारपर्यंत एरंडेल प्यायल्यासारखं. या माणसाला समजून घ्यायच्या भानगडीत मी कधी पडले नाही.

मागच्या वर्षी महापालिकेनं सगळ्या विक्रेत्यांना मागच्या बाजूच्या पटांगणात हलवलं. रस्ता ऐसपैस झाला. अण्णांना हवं ते मिळालं होतं, पण दुसऱ्या दिवशी ते शटर अर्धं उचलून नुसतेच उभे राहिले. मग मला म्हणाले, "दुकानाकडे बघ," आणि पटांगणाकडे निघाले.

आले ते मावशींना घेऊन. टोपलीचा एक कान यांच्या हातात, दुसरा त्यांच्या.

"तिकडं कुत्रं फिरकत नाय," मावशी मला म्हणाल्या. "भवानीच झाली नाय अजून. फुलं सुकाय लागली. असंच चाललं तर मळ्यात लावायची कशाला?"

अण्णांनी हार घेतला आणि टोपली पायरीवर ठेवली. तेवढ्यात महापालिकेची गाडी आलीच.

"काका, तक्रार तुमचीच होती ना?" खाली उतरलेल्या साहेबांनी विचारलं.

"रस्त्याची होती," अण्णा म्हणाले. "ही पायरी माझी आहे."

मला हसू आलं आणि अण्णांचा फार अभिमानही वाटला. साहेबांनी पायरीकडे पाहिलं, अण्णांकडे पाहिलं आणि गाडी पुढे नेली.

मावशी मात्र अंग चोरून अगदी कडेला टेकल्या होत्या. येणाऱ्याला वाट हवी म्हणून टोपलीही मांडीवरच घेतलेली.

"नीट ऐसपैस बसा," अण्णा गल्ल्यावरून म्हणाले. "गिऱ्हाईक मारेल उडी."