खणाच्या आतलं लाकूड

खणकाका कुणाच्याही घरी गेले की आधी कपाटाला भेटत, मग यजमानांना. दारात जॅंडल्स, म्हणजे रबरी चपला, काढायचे, नमस्काराऐवजी माओरीतलं "किया ओरा" म्हणायचे आणि बोलणाऱ्या माणसाला वळसा घालून हॉलमधल्या कपाटाचा एक खण पूर्ण बाहेर ओढायचे. आतले मोजे, बिलं, औषधं गालिच्यावर ओतून, खण उलटा करून बुडाचं लाकूड बघायचे. कपाट खरं जुनं की नकली, हा निकाल सांगून झाला की ते चहाकडे वळत. खण तिथेच पडलेला. तो परत लावायचं काम घरच्या माणसांचं, अशी त्यांची स्वच्छ समजूत होती.

काका न्यूझीलंडमध्ये, हॅमिल्टनच्या 'ते रापा' भागातल्या दूध पावडरच्या कारखान्यात यंत्रं सांभाळायचे आणि मी तिथेच लॅबमध्ये होते. तरुणपणी पुण्याच्या कंपनीनं त्यांना आठ महिने अमेरिकेत पाठवलं होतं. तिथल्या घरमालकिणीचं खालच्या मजल्यावर जुन्या फर्निचरचं दुकान होतं आणि शनिवार-रविवारी त्या गावात करण्यासारखं दुसरं काहीच नव्हतं. तेवढ्यावर माणूस जन्मभर पुरेल असा नाद घेऊन परतला. पुढे हॅमिल्टनला आल्यावर त्यांना कळलं, की पूर्वी बोटीतून आलेल्या अमेरिकन खुर्च्या इथल्या लिलावांत अजून निघतात. इथे कायमचं राहायचं खरं कारण तेच, असं काकू म्हणायच्या.

एकदा आमच्या गणपतीत आरती सुरू झाली आणि काका दिसेनात. ते टेबलाखाली उताणे झोपले होते, हातात टॉर्च. माझ्या सासूबाईंना वाटलं, साष्टांग नमस्काराची ही काही वेगळी पद्धत असावी. आरती संपल्यावर काका बाहेर आले आणि टेपनं ते गोल टेबल आडवं-उभं मोजलं. "दोन्हीकडून सारखं भरलं," ते खेदानं म्हणाले. "लाकूड आडवं आकसतं. खरं जुनं गोल टेबल गोल राहत नाही. हा भुसा आणि गोंद आहे." मग प्रसाद घेतला.

शनिवारी ते मला लिलावाचा माल बघायला घेऊन जात. मी का जायचे, मलाही नीट सांगता येत नाही. इथे येऊन मला वर्षच झालं होतं आणि कुणीतरी आपल्याला काही शिकवतंय, हे बरं वाटायचं. ज्या कपाटाचे पाय बाक देऊन खाली उतरतात ते इंग्लंडच्या जुन्या राणीच्या काळातलं. पुढे त्याच पायांना चेंडू पकडलेला पंजा फुटला. आणि अमेरिका स्वतंत्र झाल्यावर पाय सरळ, निमुळते झाले, त्याला फेडरल म्हणायचं. शेकर नावाच्या पंथाची माणसं नक्षीला पाप समजायची. त्यांच्या खुर्च्या काकांच्या सगळ्यांत लाडक्या. "पण पाय बघून फसू नकोस," ते म्हणायचे. "पुढची बाजू सुतार गिऱ्हाइकासाठी करतो. खणाच्या आत तो जसा असतो तसा सापडतो."

हे ज्ञान ते कुणापासून राखून ठेवत नसत. आमच्या एका मित्रानं हौसेनं 'अमेरिकन' टेबल घेतलं आणि पंधरा जणांना जेवायला बोलावलं. काकांनी खण उलटा केला. "आत कौरी आहे. कौरीचं झाड न्यूझीलंडचं. हे टेबल ऑकलंडच्या पुढे कधी गेलेलं नाही." मित्रानं पुढच्या दोन दिवाळ्यांना त्यांना बोलावलं नाही. काकांच्या ते लक्षातही आलं नाही.

ते निवृत्त झाले तेव्हा काकूंनी स्वतःच्या पगारातून त्यांना चार खणांचं एक कपाट आणलं. काकू वृद्धाश्रमात काम करत. आठवडाभर त्यांनी ते शेजाऱ्यांच्या गराजमध्ये गोधडीखाली लपवलं होतं. "विकणारा म्हणाला, अमेरिकन आहे," एवढं बोलून त्या पदर पिळत उभ्या राहिल्या. आम्ही सगळे श्वास रोखून. काकांनी दुसरा खण ओढला, उलटा केला, बघितला. मग तो सरळ करून आत लावला आणि म्हणाले, "अस्सल. फेडरल." आम्ही टाळ्या वाजवल्या. काकूंचा चेहरा मला अजून दिसतो.

गेल्या हिवाळ्यात काका गेले. सकाळी बागेत गेले, ते परत आलेच नाहीत. मला बाप गेल्यासारखं वाटलं, आणि तसं म्हणायला मला काही संकोच नाही.

काकू आता वेलिंग्टनला मुलीकडे निघाल्या. मुलीचं घर टेकडीवर, वर जायला सत्तर पायऱ्या, त्यामुळे फर्निचरातली एकच वस्तू न्यायची ठरली. एक तर काकांनी लिलावात मिळवलेली अस्सल शेकर खुर्ची, नाहीतर ते कपाट. बाकी सगळं लिलावात. काकूंनी मला फोन केला. "तुला ह्यांनी शिकवलंय. कपाट खरं आहे का, तेवढं बघून सांग. सात वर्षं मनात आहे माझ्या."

मी दुसरा खण ओढला. आत कौरी. बुडाच्या फळीवर गोल करवतीचे वळणदार ओरखडे. कोपऱ्यात एकमेकांत अडकवलेले दात एकसारखे, यंत्रावर कापलेले. हे कपाट बहुधा हॅमिल्टनच्याही बाहेर गेलेलं नव्हतं. काकू माझ्याकडे बघत होत्या. मी खण सरळ करून आत लावला.

"अस्सल आहे, काकू."

त्यांनी बंद खणाच्या मुठीवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "ह्यांनीपण तेव्हा खण असाच आपल्या हातानं आत लावला होता. दुसऱ्या कुणाच्या घरी लावला का गं कधी?"

 तेवढ्यात त्यांची मुलगी चिकटपट्टी घेऊन आत आली.

"हे न्यायचं," काकू कपाटावर हात ठेवून तिला म्हणाल्या. "खुर्ची विका."

"शुअर, मम? इज दॅट द रिअल वन?"

"हो," काकू म्हणाल्या.