भिंगरीचं बाळंतपण

भागोजी पाटील बोलायच्या आधी त्याचा घसा बोलायचा. नुसता खाकरला तर चहा हवाय, लांबलचक खाकरला तर कुणाची तरी तक्रार आणलीय, आणि खाकरून वर थुंकला की समजायचं, रेवदंड्याच्या कोळीवाड्यातून आता कुणाचं तरी काहीतरी जाणार. महाराष्ट्र वेगळा झाला त्याच्या पुढच्या थंडीत तो सोनाबाईच्या मासळी सुकवायच्या खळ्यावर आला तो खाकरला, थुंकला, आणि तिच्याकडे न बघता वाळत घातलेल्या बोंबलांना म्हणाला, "माझं काय हाय, माझं काय न्हाय."

ही त्याची सुरुवात. कुणाच्या होडीचा तंटा असो, कुणाच्या सुनेचा, "माझं काय न्हाय" म्हणून तो आत शिरायचा आणि मग सगळं त्याचंच असायचं.

सोनाबाईचे हात थांबले नाहीत. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी वलांडीच्या, म्हणजे बांबूंवर ताणलेल्या, दोरीवर टाकायची, हे ती थेरोंड्याहून लग्न होऊन आली त्या दिवसापासून करत होती. अलिबागच्या बाजारात तिची जीभ सुरीसारखी चालायची. गावात मात्र तिच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे कालवं फोडण्यातला प्रकार. नवरा नामा आठवडा आठवडा दर्यावर, घरात सासू मनुबाई, आणि खळ्यावर भिंगरी. भिंगरी म्हणजे तांबडी, हडकुळी, एक कान फाटलेली कुत्री. कावळा दिसला की आधी स्वतःभोवती गरकन फिरायची आणि मग धावायची, म्हणून भिंगरी. तिच्या राखणीत सोनाबाईचा बोंबील कधी कावळ्याच्या तोंडी गेला नव्हता.

पण वर्षातून दोनदा ती माजावर यायची आणि मग चौलपासूनचे कुत्रे खळ्यावर जमायचे. गेल्या साली त्या टोळीतल्याच एकानं भागोजीच्या नातवाला, दादूला, पोटरीला चावा घेतला. पोर महिनाभर हसत-खेळत होतं. मग एक दिवस पाण्याचा तांब्या बघून किंचाळायला लागलं. तहानेनं ओठ फुटले, पण पाणी पुढं केलं की भिंतीकडे सरकायचं. शेवटपर्यंत भागोजी तांब्या धरून बसला होता. तो कुत्रा भिंगरी नव्हती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तो भिंगरीसाठी आला होता, हेही.

आता खळ्यावर भागोजी म्हणाला ते एवढंच की, परत हिच्यामागं टोळी जमली तर तो बोंबलात विषाची गोळी घालून ठेवणार. कुत्र्यांना, आणि हिलाही. मग घसा न खाकरताच गेला. ते जास्त वाईट होतं.

अलिबागला सोनाबाई एका वकिलीणबाईंकडे सोडे घालायची. त्यांच्या पांढऱ्या कुत्रीची पिशवी मुंबईत काढून आणली होती, तेव्हापासून दारात कुत्रा फिरकत नव्हता. सोनाबाई पाटी तशीच डोक्यावर घेऊन गुरांच्या दवाखान्यात गेली.

डॉक्टर देशावरचे, तरुण, नाकातून बोलणारे. त्यांचं प्रत्येक वाक्य "असं पहा" पासून निघायचं. असं पहा, बैल मी शेकड्यांनी केले आहेत. असं पहा, कुत्रीचं मी कॉलेजात केलेलं आहे, येथे नाही. असं पहा, शस्त्रक्रिया म्हटली की जिवाची शाश्वती नसते. शेजारी उभा असलेला कंपाउंडर सोनाबाई बहिरी असल्यासारखा तेच ओरडून सांगायचा. डॉक्टर म्हणाले, रुग्णास आदल्या सायंकाळपासून अन्न वर्ज्य. कंपाउंडर ओरडला, खायाला घालू नको गं! डॉक्टर म्हणाले, गुंगीत उलटी श्वासनलिकेत गेल्यास दगावेल. कंपाउंडरनं डोळे पांढरे करून मान टाकून दाखवली. हे सोनाबाईला सगळ्यात नीट समजलं.

घरी मनुबाईनं ऐकलं आणि निवडत होती ते सूप खाली ठेवलं. "जित्या जीवाची कूस काढून घरात आणायची? नवरा दर्यावर हाय तुजा."

सोनाबाईनं ते सूप उचललं आणि उरलेलं निवडायला बसली. सासू मग दोन दिवस भिंतीशी बोलली. नारळ फुटला तो नासका निघाला. चुलीतलं लाकूड शिट्टी वाजवायला लागलं. मनुबाई एकेक खूण मोठ्यानं वाचून दाखवायची, आणि मुकाट्यानं काम करणाऱ्या सोनाबाईच्या कानात ती एकेक खूण जाऊन बसायची.

आदल्या दिवशी तिनं भिंगरीला शिकेकाईनं घासून आंघोळ घातली. सांजेला भाकरीच्या वेळी भिंगरी येऊन बसली, थाळीकडे बघितलं, सोनाबाईकडे बघितलं. सोनाबाईही त्या दिवशी जेवली नाही. सकाळी अलिबागला सुपारी घेऊन जाणाऱ्या बैलगाडीत पोत्यांच्या मध्ये भिंगरीला गोणपाटात गुंडाळून ती बसली. भिंगरीला वाटलं, फिरायला चाललोय. नागावपर्यंत ती शेपटी हलवत होती.

दवाखान्यात तिला टेबलावर धरायला सोनाबाईच लागली. औषधाचा बोळा नाकाशी गेला, भिंगरीनं तिच्या मनगटात दात रोवले, आणि हळूहळू दात सैल झाले. मग कंपाउंडरनं सोनाबाईला बाहेर घालवलं. बाहेर एक म्हैस हंबरत होती. ती थांबली की आतून काहीच ऐकू यायचं नाही.

शेवटी डॉक्टर घाम पुसत आले. आता "असं पहा" सुद्धा म्हणाले नाहीत. जिवंत आहे. जखम कोरडी ठेवा, चाटू देऊ नका, पाणी आणि पेज द्या. ताप चढला तर लगेच आणा.

आणि मग एक नवल घडलं. पोटाला पट्टी बांधलेली, डोळे अर्धे उघडे असलेली भिंगरी घरच्या उंबऱ्यात उतरवली आणि मनुबाई उठली. दोन दिवस भिंतीशी बोलणारी म्हातारी कुत्रीजवळ बसली, पट्टीवरून हात फिरवला, आणि तिचा आवाजच बदलला.

"आली गो बाय? पोट फाडून आली माजी बाय."

मनुबाईनं कोळीवाड्यातल्या निम्म्या बायकांची बाळंतपणं केली होती. पोट रिकामं होऊन आलेली बाई म्हणजे बाळंतीण. मूल आहे की नाही, दोन पाय आहेत की चार, हे तिला विचारायचं कारण नव्हतं. वारा लागू नये म्हणून भिंगरीची रवानगी मागच्या अंधाऱ्या खोलीत झाली. शेजारी शेगडी आली. निखाऱ्यावर ओवा पडला आणि घरभर असा धूर झाला की डोळे उघडवेनात. सोनाबाईनं डॉक्टरांचं बोलणं सांगितलं. मनुबाई म्हणाली की त्या डॉक्टरची आई त्याला बाळंत झाली तेव्हा तिला कुणी शेकलं, ते विचारून ये आधी.

सोनाबाईला खळ्यावर जाणं भाग होतं. बोंबील कुणासाठी थांबत नाहीत, आणि आता कावळे हाकायलाही तीच.

दुसऱ्या दिवशी भिंगरीचं नाक गरम लागलं. पट्टीच्या कडेला पोट सुजलं होतं. पाण्याचा वाडगा काठोकाठ भरलेला. सोनाबाईनं तो तिच्या तोंडाशी नेला. भिंगरीनं मान वळवली.

थोड्या वेळानं परत नेला. भिंगरी भिंतीकडे सरकली. तिच्या तोंडातून लाळेची तार खाली लोंबत होती.

हे तिनं मनुबाईला सांगितलं नाही. स्वतःलाही धड सांगितलं नाही. मागच्या माजाला टोळीत भिंगरीला कुणी चावलं होतं का? फाटलेला कान जुना, पण मानेवर एक ओरखडा होता, तो कधीचा? खळ्यावर बोंबील अडकवताना तिचे हात पहिल्यांदाच चुकले. शेजारच्या वलांडीवरच्या शकूनं विचारलं, कुत्री कशी हाय? सोनाबाई म्हणाली, पाणी पीत न्हाय. शब्द तोंडातून गेल्यावर तिला कळलं की आपण काय बोललो.

कोळीवाड्यात बातमीला होडी लागत नाही. ऊन उतरायच्या आत भागोजी दारात उभा राहिला. मागं चार माणसं. त्याच्या हातात केळीच्या पानात गुंडाळलेला एक सुका बोंबील होता. तो खाकरला नाही. "माझं काय न्हाय" म्हणाला नाही.

"बाहेर आण तिला," तो म्हणाला. "पाणीपण आण. सगळ्यांसमोर दाव."

मनुबाई आडवी आली, बाळंतिणीला वाऱ्यात कशी न्यायची म्हणून भांडायला लागली. भागोजीनं तिच्याकडे बघितलंही नाही. सोनाबाईनं भिंगरीला गोणपाटासकट उचललं. ती इतकी हलकी लागली की सोनाबाईनं गोणपाट चाचपून बघितलं. तिला अंगणात ठेवून ती वाडगा आणायला आत गेली. वाडगा घेऊन निघाली तेव्हा तिला नीट ठाऊक होतं की काय होणार. भिंगरी तोंड फिरवणार. भागोजी पान सोडणार. आणि त्याला अडवता येणार नाही, कारण त्यानं दादूला असंच बघितलंय.

अंगणात खाडीवरचा वारा होता. चार पावलांवर सोनाबाई थांबली. आत सगळं घरच ओव्याचं झालेलं, तिथं नाकाला काही कळत नव्हतं. इथं मोकळ्या वाऱ्यात वास थेट तिच्या हातातून येत होता. तिनं वाडगा नाकाशी नेला, मग जिभेवर थेंब घेतला. जीभ चुरचुरली.

"आये," ती म्हणाली, "ह्यात काय हाय?"

"ओव्याचं पाणी, दुसरं काय. बाळंतिणीला कोरं पाणी देतात का गो?"

"आल्यापासून हेच?"

"हेच. पीत न्हाय म्हणून ओवा आणखी वाढवला."

सोनाबाईनं वाडगा अंगणात उपडा केला. धावत आत गेली आणि मडक्यातलं गार पाणी भरून आणलं. भागोजीनं पानाची गाठ सोडलेली होती. ती गुडघ्यावर बसली, वाडगा टेकवला. भिंगरीनं मान वळवली. माणसं मागं सरकली. सोनाबाईनं बोटं बुडवून भिंगरीच्या ओठांना लावली आणि तशीच धरून ठेवली, चावली तर चावली.

भिंगरीनं बोट चाटलं. मग दुसरं. मग तिनं मान ताणून थोबाड वाडग्यात घातलं आणि ती पाणी प्यायला लागली. लपक लपक आवाज सगळ्या अंगणात ऐकू येत होता.

वाडगा संपला. भागोजी खाली बसला. म्हातारा नव्हता तो, पण बसताना त्यानं जमिनीला हात टेकला.

"आणखी घाल," तो म्हणाला.

सोनाबाईनं घातलं. भिंगरी प्यायली, थांबली, धापा टाकल्या, परत प्यायली. भागोजीचे ओठ तिच्या जिभेबरोबर हलत होते. वाडगा दुसऱ्यांदा कोरडा झाला तरी तो बघतच राहिला.

त्या रात्रीपासून शेगडी बंद झाली. सकाळी सोनाबाईनं परत गाडी गाठली, डॉक्टरांनी परत "असं पहा" सुरू केलं, पू काढला, दोन टाके नव्यानं घातले आणि म्हणाले की अजून काही सांगता येत नाही. मनुबाईनं रागावून सोनाबाईशी बोलणं सोडलं, पण भिंगरीच्या पायथ्याशी झोपणं सोडलं नाही.

आणि भागोजी रोज संध्याकाळी यायचा. घसा न खाकरता अंगणात उभा राहायचा, सोनाबाईला भरला वाडगा पुढं करायला लावायचा, आणि भिंगरी शेवटचा थेंब पिईपर्यंत हलायचा नाही. टाके निघाले, भिंगरी खळ्यावर कावळ्यांमागं गरकन फिरायला लागली, तरी तो यायचा. तिन्हीसांज व्हायला आली की सोनाबाई मडक्यातून पाणी काढून ठेवायची.