घोड्यांपाशी

कवळीवाला तोंडाचा फटकळ, हाताचा मात्र जादूगार. लोकांच्या बोळक्यांत दात बसवता बसवता त्याची पन्नाशी उलटली. कारखाना म्हणजे घरामागची एक खोली: प्लास्टरची पोती, घासायचं मशीन आणि फळीवर ओळीनं मांडलेले लोकांचे जबडे. रविवारी दुपारी तिथलंच टेबल पुसून खेळ मांडायचा. कवळीवाला गोष्ट सांगायचा, बाकीची तिघं गोष्टीतली माणसं व्हायची, आणि अडलं तिथं फासा सांगेल ते खरं. तिघं म्हणजे बस चालवणारा ड्रायव्हर, हॉस्पिटलातली सिस्टर आणि कवळीवाल्याचा सख्खा धाकटा भाऊ. प्रत्येकाची बोटभर बाहुली त्यानं उरल्यासुरल्या प्लास्टरची केली होती. धाकट्याचा तिरंदाज सगळ्यांत देखणा. हो, भावाला झुकतं माप नको?

खेळाचा एक नियम होता. ज्याला येता आलं नाही, त्याची बाहुली खिडकीत जायची. 'घोडे राखतोय,' म्हणायचं. तिथं त्याच्या केसालाही धक्का लागायचा नाही. सिस्टरची ड्यूटी, ड्रायव्हरच्या घरचं आजारपण, सगळं त्या खिडकीनं सांभाळून घेतलं होतं.

मग धाकटा यायचा बंद झाला. तसा तो पिणारा, पण रविवारी शुद्धीत यायचा. आता फोनही उचलेना. भावजय दारातूनच 'बरं नाहीये त्यांना' म्हणून वाटेला लावायची.

"बरं नाही म्हणे! बाटलीत बुडालाय मेला," कवळीवाला करवादायचा. तिरंदाज खिडकीत धूळ खात उभा.

एका रविवारी गोष्ट नदीच्या पुलाशी अडली. तिरंदाजाशिवाय पलीकडे जाणं शक्य नव्हतं. ड्रायव्हर म्हणाला, "आज मी चालवतो त्याचा गडी. त्याला कुठं पडलीय?"

"नियम आहे ना आपला?" सिस्टर म्हणाली.

"नियम येणाऱ्यांसाठी असतात!" कवळीवाला तडकला आणि त्यानंच बाहुली उचलून पुलावर ठेवली. ड्रायव्हरनं फासा टाकला. पडला एक. तिरंदाज नदीत गेला. मेलेली बाहुली फोडून भंगाराच्या बादलीत टाकायची, ही तिथली रीत. कवळीवाल्यानं ती जरा जोरातच आपटली.

पुढच्याच रविवारी धाकटा दारात उभा. दाढी केलेली, शर्टाला इस्त्री, अंगानं निम्मा. दारू सोडवतात त्या केंद्रात होता म्हणे. बायकोला शपथ घातली होती, कुणाला सांगू नकोस. नाही जमलं तर पुन्हा हसं नको.

"तिथं जीव नकोसा व्हायचा, दादा," तो म्हणाला. "मग मनाशी म्हणायचो, मी घोडे राखतोय. तिकडं जागा आहे माझी." आणि तो खिडकीकडे वळला.

खिडकी रिकामी. सिस्टरनं मान खाली घातली. धाकट्याला बादलीत तुटकं धनुष्य दिसलं.

"गेला होय?"

कवळीवाल्याच्या अगदी ओठांवर आलं होतं, अरे गोष्टच आहे, आणतो परत. पण मागे ड्रायव्हरचा गडी मेला तेव्हा आपणच 'फासा म्हणजे फासा' म्हणून त्याला गप्प केलं होतं. आता चारचौघांत शब्द कसा फिरवायचा?

"तू आला नाहीस," तो म्हणाला. "नवा करून देतो. बस."

"नको. फासा म्हणजे फासा," धाकटा हसला. थोडा वेळ दुसऱ्यांचा खेळ बघत बसला आणि उठला. घरी गेला नाही, थेट गुत्त्यात गेला. त्यानंतर तो दारूतून बाहेर आलाच नाही. वर्ष सरायच्या आत लिव्हरनं त्याला नेलं.

तुकडे कवळीवाल्यानं त्याच संध्याकाळी बादलीतून काढून ठेवले होते. आज जोडू, उद्या जोडू. भाऊ गेल्यावर जोडले, कवळीच्या हिरड्यांना वापरतात त्या गुलाबी मसाल्यानं, आणि तिरंदाज खिडकीत ठेवला.

रविवारी दोघं आली. ड्रायव्हर खिडकीकडे बघतच राहिला.

"घोडे राखतोय तो," कवळीवाला म्हणाला.

"राखू दे की," ड्रायव्हर म्हणाला. सिस्टरनंही मान हलवली. फाशाचं नाव कुणी काढलं नाही.

कवळीवाला मटकन खाली बसला. "बघा, आहे का कुणाची हरकत? एवढंच तर म्हणायचं होतं! तेव्हा काय जीभ झडली होती माझी?" आणि प्लास्टरनं माखलेल्या हातांत तोंड घालून तो ढसाढसा रडला. सिस्टरनं फासे डबीत भरून ठेवले.